लोखंड उतरवून ये

वैजू, तुझ्या वर्गातली पोरं मागच्या आठवड्यात दुकानात आली. आमच्या दुकानात माणूस आला की खिळे मागतो, बिजागऱ्या मागतो, कडीकोयंडा मागतो. ही मंडळी काउंटरसमोर शाळेच्या प्रार्थनेला उभी राहावीत तशी रांगेत उभी राहिली आणि त्यांच्यातली ती चष्मेवाली सानिका अगदी तुझ्यासारख्या भुवया जवळ आणून म्हणाली, "काका, रविवारी सड्यावर जायचंय. तुम्ही या. पण लोखंड उतरवून या."

माझ्या पाठीमागे लोखंड, समोर लोखंड, डोक्यावर टांगलेल्या साखळ्या. तीन पिढ्यांचं लोखंडी सामानाचं दुकान, आणि तिथे येऊन मला हे सांगायचं! एक गिऱ्हाईक कोयत्याची धार बघत होतं, ते कोयता हातात धरून तसंच थांबलं.

"येईन," मी म्हणालो. "पण मॅडमच नाहीत, आता कशाला ती उठाठेव?"

"मॅडम म्हणाल्या होत्या, यंदा पूर्वेचा शेवटचा पट्टा. तुमच्या सिंहासनाचा."

मी पाठ फिरवली आणि फळीवरच्या डब्यात उगाच काहीतरी शोधायला लागलो. नाटकात ऐन वेळी वाक्य आठवलं नाही की प्रेक्षकांकडे पाठ करायची, ही माझी जुनी युक्ती. तू पहिल्या रांगेत बसून ती दर वेळी ओळखायचीस आणि मोठ्याने खोकायचीस. या वेळी कुणी खोकलं नाही.

तुझ्यावर काहीतरी लिहा, असं तुझ्या कॉलेजातून सांगणं आलं आहे. जन्म कुठला, पदव्या कुठल्या, समित्या कुठल्या, हे लिहायला बरेच जण बाह्या सरसावून बसलेत. तुझ्या अरविंदने फोटोही दिलाय, तोच निळ्या साडीतला, ज्यात आपण पोस्टमास्तरीण दिसतो असं तू म्हणायचीस. तुझं आजारपण, ते पुण्याला नेणं, परत आणणं, हे मी लिहिणार नाही. मला आपल्या भांडणाबद्दल लिहायचंय. नवरात्रात तू ते अर्ध्यावर टाकून गेलीस, आणि मला एकट्याला दोन्ही बाजूंनी बोलावं लागतंय. मी नट असलो तरी हे अवघड आहे.

वाचणाऱ्यांना सगळं ठाऊक नाही, म्हणून तुला माहीत असलेलंच तुला पुन्हा सांगतो. मधेमधे तू "असं नव्हतंच ते" म्हणशील. ते मी ऐकलं असं समज.

घाटावरच्या विद्यापीठात पर्यावरण आणि भूशास्त्राच्या एम.एस्सी.ला रत्नागिरीचे आपण दोघंच. पहिल्याच आठवड्यात सरांनी दगडांचा एक ट्रे वर्गात फिरवला. "जीभ लावून बघा," ते म्हणाले. "चिकणमातीचा अंश असेल तर जिभेला चिकटतो." बाकीचे लाजत होते. तू मात्र तीर्थप्रसाद घ्यावा तशी एकेक दगड घेऊन निघालीस. मी हात वर केला.

"सर, हे दगड दरवर्षी नवे आणता का?"

"छे! हा ट्रे मी शिकत होतो तेव्हापासूनचा आहे."

निम्म्या वर्गाने रुमाल काढले. तू शेवटचा दगड शांतपणे ट्रेमध्ये ठेवलास आणि माझ्या कानाशी येऊन म्हणालीस, "मेल्या, हे आधी विचारायचं!" आपली मैत्री तिथे सुरू झाली. अशा जागी सुरू झालेली मैत्री पुढे कशानेही विटत नाही.

दुसऱ्या वर्षाच्या प्रबंधासाठी सरांनी आपल्याला एका दावणीला बांधलं. "दोघं कोकणातले, तुमचा जांभा तुम्हीच बघा." विषय होता सड्यावरचं पाणी. खाडीपलीकडच्या त्या उघड्या कातळावर पावसाळ्यात एवढं पाणी कोसळतं, ते जातं कुठे आणि पायथ्याच्या गावातल्या झऱ्याला त्यातलं काय मिळतं. त्यासाठी आधी सड्याचा नकाशा हवा. तेव्हा खिशात फोन नव्हता आणि आकाशातून आपली जागा सांगणारं कुणी नव्हतं. होकायंत्र, मोजपट्टी, दगड फोडायची हातोडी आणि दोघांचे पाय, एवढंच भांडवल.

आणि सडा म्हणजे काय, ते इथल्या माणसाला सांगायला नको. ताटासारखा सपाट, भोकाभोकांचा तांबूस काळा जांभ्याचा दगड, मधे एखादं उथळ डबकं, एक करवंदीची जाळी आणि तिच्यापुढे हुबेहूब तशीच दुसरी. खूण म्हणून लक्षात ठेवावं असं तिथे काही नाही. पहिल्या दिवशी गावातले एक म्हातारे गुरं घेऊन आले आणि तू डोळ्याला होकायंत्र लावून उभी होतीस ते बराच वेळ बघत राहिले.

"बाई, काय शोधताव?"

"दिशा बघतेय आजोबा."

"समिंदर दिसताय न्हवं? ती पच्चीम. त्येला सुई कशाला?"

एवढं बोलून ते गेले. तू माझ्याकडे बघून म्हणालीस, "हसलास तर हातोडी घालीन."

ती हातोडी. आता तिच्यावर येतो.

त्याच आठवड्यात एका दुपारी आपण आंबोळ्या आणि सुक्या जवळ्याची चटणी खाऊन उठलो. मला समोर एक उंचवटा दिसला. गुडघाभर उंच, वर सपाट, मागे पाठ टेकायला जरासा चढ. कुठल्याही नटाला असा दगड दिसला की त्याचे पाय आपोआप तिकडे वळतात. मी वर चढलो, खांद्यावर टॉवेल टाकला आणि गर्जना केली, "जांभ्याच्या प्रजाजनहो! तुमच्या पाण्याचा न्याय आज या दरबारात होईल!" प्रजा म्हणजे तू आणि एक टिटवी. टिटवी उडाली. तू सिंहासनाच्या पायाशी बसून खालच्या गावातल्या देवळाच्या कळसावर रोख धरला होतास, मान वर न करता म्हणालीस, "बंडू, गप बस. सुई हलतेय."

"माझ्या आवाजाने हलते ती!"

तू हसलीस, आकडा टिपलास, आणि आपण पुढे गेलो. बस्स. एवढीच घटना. याच्यावर आपण जवळजवळ तीस वर्षं भांडलो.

तोंडी परीक्षेला बाहेरगावचे एक परीक्षक आले होते. अतिशय सभ्य गृहस्थ. त्यांनी आपला नकाशा टेबलावर पसरला, चष्मा पुसला, पुन्हा घातला.

"हे काय आहे?"

"देऊळ," तू म्हणालीस.

"आणि हे निळं?"

"खाडी."

"देऊळ खाडीत कसं?"

तुझा चेहरा पांढरा पडला. मला वाटलं, आपण काहीतरी केलं पाहिजे. "सर," मी म्हणालो, "भरतीच्या वेळी जातं."

टेबलाखाली तू माझ्या पायावर जो पाय दिलास तो मला आजही पावसाळ्यात दुखतो.

सरांनी तिथेच निकाल लावला. होकायंत्राजवळ लोखंड आलं, सुई ओढली गेली, त्या ठिकाणावरून घेतलेल्या सगळ्या दिशा एका बाजूला सरकल्या. हातोडी कुणाच्या हातात होती? तू माझ्याकडे बोट दाखवलंस, मी तुझ्याकडे. एकाच क्षणी, जशी काही तालीम केली होती. मी आजही सांगतो, हातोडी तुझ्या मांडीवर होती. तू शेवटपर्यंत सांगत राहिलीस की ती माझ्या हातात होती, राजदंड म्हणून.

भर उन्हाळ्यात आपण नकाशा पुन्हा काढला. देऊळ जमिनीवर आलं, आपण पास झालो. पण संशोधनाच्या एका मोठ्या जागेसाठी सर वर्गातून एक नाव पाठवणार होते. ते तुझं होतं, सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांनी दुसऱ्याचं पाठवलं. "मुलगी हुशार आहे, पण निष्काळजी," असं ते कुणापाशी म्हणाले आणि ते फिरत फिरत तुझ्यापर्यंत आलं. तू! डब्याचं झाकण दोनदा दाबून बघणारी, एसटीचं तिकीट उतरल्यावरही जपून ठेवणारी तू!

घरी येताना आंबा घाट उतरेपर्यंत तू खिडकीकडे तोंड करून बसलीस. मी चार विनोद केले, चारही वाया गेले. साखरप्याला गाडी थांबली. तू चहाचा ग्लास हातात घेतलास आणि म्हणालीस, "बंडू, तो दगडच होता."

"कुठला दगड?"

"ज्याच्यावर तू नाचत होतास. त्यानेच ओढली सुई. हातोडीने एवढी ओढली जात नाही."

"दगड कधी सुई ओढतो का?"

"ओढतो. वीज पडलेला ओढतो."

नंतर मांडवीला संध्याकाळी वाळूत बसून तू मला ते समजावून सांगितलंस. जांभ्यात लोह भरपूर. सडा उघडा, झाड नाही, घर नाही, त्यामुळे वीज येऊन थेट कातळावर पडते. आणि पडली की तेवढ्या तुकड्यात चुंबकाचा गुण भरून जाते. आजूबाजूचा दगड साधा, आणि मधला तेवढाच तसा.

"म्हणजे शॉक बसलेला दगड," मी म्हणालो.

"हो. तुझ्यासारखा बडबडत नाही म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही."

"पुस्तकात काय वाटेल ते असतं. आपल्या वेळी हातोडी होती, तुझ्या मांडीवर."

"पैज?"

"पैज!"

आणि मग तू नियम घातलास. ज्याचं खोटं ठरेल त्याने त्या दगडासमोर साष्टांग नमस्कार घालायचा आणि मोठ्याने म्हणायचं, 'मी चुकलो, तू बरोबर.' नियम दोघांना सारखा. शेजारी भेळ खाणारं एक कुटुंब आपल्याकडे टक लावून बघत होतं. त्यांना बहुतेक वाटलं की इथे लग्न ठरतंय. "तुझ्या तोंडून 'मी चुकलो' ऐकेपर्यंत मी म्हातारी होईन," तू म्हणालीस आणि माझ्या पुड्यातली शेवटची पुरी उचललीस.

आता खरी गंमत. ती जागा कुठे होती, हेच आपल्याला सांगता येईना. तो पहिला नकाशा पुढच्या पावसाळ्यात बुरशीने गेला. असता तरी काय उपयोग? त्या जागेची नोंदसुद्धा तिथेच उभं राहून घेतलेल्या दिशांवरून केलेली. जी जागा शोधायची, तिने स्वतःचा पत्ताच खोटा सांगितलेला. असली चूक करायला दोन एम.एस्सी.चे विद्यार्थीच लागतात. नुसत्या शहाण्या माणसाने तिथे एक काठी रोवली असती.

मग राहिली आठवण. तुझी म्हणायची, मोठ्या डबक्याच्या पश्चिमेला. माझी म्हणायची, पार पूर्वेला, जिथे सडा उतरायला लागतो तिथे.

"तू भाषण ठोकत होतास. तुला काय दिसणार?"

"नटाला प्रेक्षागृह पाठ असतं, वैजू. सिंहासनावर उभा होतो तेव्हा समुद्र माझ्या डाव्या खांद्यावर होता आणि खालून गावातल्या चक्कीचा आवाज येत होता. तुझ्या पश्चिमेला चक्की ऐकू येते का?"

"तुला फक्त टाळ्या ऐकू येतात."

पुढे बाबांची तब्येत ढासळली आणि मी दुकानात बसलो. तू म्हणालीस, "भूशास्त्र सोडून लोखंड विकायला बसलास! हे मुद्दाम केलंस." तू कॉलेजात शिकवायला लागलीस, अरविंदशी लग्न झालं, आणि तुमच्याकडे एम.एस्सी.चा वर्ग सुरू झाला तेव्हा तो तुझ्या गळ्यात पडला. तू तो मिरवलास. मला वाटलं होतं, माझ्या पदवीचा आणि माझा संबंध संपला. तसं होऊ द्यायला तू तयार नव्हतीस. दर वर्षी नव्या मुलांना घेऊन तू आमच्या दुकानात यायचीस आणि मागच्या अंगणात पडलेल्या जुन्या पत्र्यासमोर त्यांना उभं करायचीस. "हा बघा गंज. पाऊस आणि हवा मिळून काय करतात ते इथे काही वर्षांत दिसतं. जांभा म्हणजे बराचसा हाच उद्योग, फक्त फार सावकाश आणि डोंगराएवढा." मग माझ्याकडे हात करून, "हे आमचे फील्डमधले सहकारी. यांच्याकडे गंजाचा साठा उत्तम आहे." मुलं हसायची. मी कमरेत वाकून प्रेक्षकांना अभिवादन करायचो. त्या अर्ध्या तासात मी दुकानदार नसायचो. हे मी तुला कधी सांगितलं नाही. तुला कळलं असणार, नाहीतर तू तो पत्रा मला विकू दिला असतास.

आणि दिवाळीनंतरचा तो एक रविवार. गवत वाळलेलं, कातळ उघडा. तुझ्या विद्यार्थ्यांमध्ये त्या दिवसाचं नाव 'लोखंड उतरवायचा दिवस' असं पडलं होतं. सड्याच्या कडेला तू ज्यूटची गोणी उघडून उभी राहायचीस, टोलनाक्यासारखी. चाव्या, घड्याळं, पट्टे, फोन, छत्र्या, केसातल्या पिना, साडीच्या पिना, सगळं गोणीत. फोन टाकताना मुलांचे चेहरे बघण्यासारखे. एका मुलाने हातातलं कडं आजीने घातलंय म्हणून काढायला नकार दिला, तर तू त्याला साबण लावून कडं उतरवलंस आणि आजीला फोन करून सांगितलंस. स्टीलचा डबा चालायचा नाही, म्हणून जेवण केळीच्या पानात. पट्टा चालायचा नाही, म्हणून मी नाडीचा लेंगा घालून यायचो. हातखंब्याला स्कूटरवरून पडलो आणि पायात धातूची पट्टी बसवली, तेव्हापासून तर तू मला होकायंत्राच्या आसपास फिरकू दिलं नाहीस.

"अगो, डॉक्टर म्हणतो ती चुंबकाला लागत नाही!"

"डॉक्टरला काय विचारतोस? लांब उभा राहा. आणखी लांब. तिथून भाषण कर."

मग तो शोध. सड्याचे पट्टे पाडलेले, दर वर्षी एक पट्टा. होकायंत्र घेऊन एकजण पुढे, रोख लांबच्या दीपगृहावर. ते एवढं दूर आहे की चार पावलं इकडेतिकडे झाल्याने त्याची दिशा बदलायला नको. बदलली, तर जमिनीतलं काहीतरी सुईला ओढतंय. मुलं या निमित्ताने दिशा घ्यायला शिकायची, डबकी मोजायला शिकायची, कुठल्या भेगेतून पाणी खाली जातं ते बघायची. दगड काही सापडायचा नाही. संध्याकाळी गोणीतून आपापल्या पिना ओळखताना पोरींचा गोंधळ व्हायचा आणि सगळे हसत घरी.

तू सुरुवात पश्चिमेकडून केलीस. तुझ्या आठवणीपासून. "तुझी जागा शेवटी," म्हणालीस. जिल्ह्यात दक्षिणेकडे कुठल्याशा सड्यावर सुई फिरते, अशी बातमी आली तेव्हा तू भर बाजारात दुकानात शिरलीस आणि काउंटरवर हात आपटून म्हणालीस, "बघ! तिथे फिरते, तर इथे का नाही?" मी म्हणालो, "मग आपल्या सड्यावर सरळ पूर्वेला जाऊ या ना, माझ्या जागी. दोन तासांत निकाल." तू एकदम थंड झालीस. "क्रमाने जायचं. शास्त्र आहे हे." आणि निघून गेलीस.

आता मला संशय येतो, वैजू. शास्त्र वगैरे ठीक. पण एकदा जागा सापडली की मग तो रविवार कशासाठी? तू मुद्दामच माझं सिंहासन शेवटी ठेवलंस का? हे विचारायचं राहिलं. विचारलं असतं तरी तू "चल, नाटक्या" म्हणाली असतीस.

तर कालचा रविवार. माझ्या बायकोने, नंदाने, लेंगा इस्त्री करून ठेवला होता. आपल्या भांडणात ती कधी पडली नाही, काल मात्र दारात म्हणाली, "जरा नीट बघा हो या वेळी." अरविंद खाली गावापर्यंत आला, वर चढला नाही. तुझं होकायंत्र त्याने सानिकाच्या हातात दिलं आणि तो देवळाच्या पायरीवर बसला. देऊळ जमिनीवरच आहे, काळजी करू नकोस.

गोणी सानिकाने धरली. माझ्या खिशातून दुकानाची किल्ली निघाली, तिने ती दोन बोटांनी उचलून आत टाकली. मग पूर्वेकडे चालायला लागलो. सगळ्यांची तोंडं माझ्याकडे. मी डोळे मिटले. समुद्र डाव्या खांद्यावर घेतला. चक्की आता बंद आहे, तिथे मोबाइलचं दुकान झालंय, तेव्हा त्या बाजूने मदत नव्हती. पण जिथे सडा उतरायला लागतो त्याच्या अलीकडे, गवतात, गुडघाभर उंच, मागे जरासा चढ. मी ओळखला. इतक्या वर्षांत सिंहासनाची उंची कमी झाल्यासारखी वाटली, पण ते माझ्या पोटामुळे असेल.

"काका, तुम्ही लांब," सानिका म्हणाली. तुझाच आवाज. मी चांगली वीस-पंचवीस पावलं मागे जाऊन उभा राहिलो.

ती दीपगृहावर रोख धरून हळूहळू पुढे गेली. बाजूची मुलगी आकडे ओरडून सांगत होती. तोच आकडा. तोच. तोच. आणि मग ती गप्प झाली.

"काय झालं?" मी ओरडलो.

"थांबा काका."

सानिकाने होकायंत्र खाली, दगडाजवळ नेलं. सगळी पोरं वाकली. मला पाठीच दिसत होत्या.

"काका," ती म्हणाली, "ही फिरतेय."

वैजू, मी सहजासहजी हार मानणारा नाही. मी तिथूनच उलटतपासणी सुरू केली. "गोणी कुठे आहे?" "पार तिकडे, जाळीपाशी." "तुझ्या चष्म्याला स्क्रू आहे!" "काढला, काका. दोरीने बांधलाय." "कुणाच्या चपलेत खिळा?" सगळ्यांनी चपला काढून उंच धरल्या. "पुन्हा बघा केस!" आणि तेवढ्यात एका मुलीने डोक्याला हात लावला आणि किंचाळली. अंबाड्यात एक पिन राहिली होती.

सगळ्यांचे चेहरे उतरले. खरं सांगतो, माझाही. भांडण जिंकण्याची एवढी चांगली संधी समोर होती आणि मला ती नको होती. ती मुलगी पिन घेऊन गोणीपर्यंत अनवाणी पळत गेली आणि परत येऊन लांबच उभी राहिली, रडवेली.

"आता?" मी विचारलं.

सानिकाने पुन्हा होकायंत्र खाली नेलं. बराच वेळ. मग ते घेऊन ती चार पावलं बाजूला गेली, सुई जागेवर आली. परत दगडाशी, सुई वळली. बाजूला, सरळ. दगडाशी, वळली. पोरं ओरडायला लागली, नाचायला लागली. कुणीतरी फोन आणायला पळालं आणि अर्ध्या वाटेतून तुझी आठवण होऊन परत आलं.

तू निष्काळजी नव्हतीस. सर आता नाहीत, ते परीक्षकही नसतील, आणि तूही नाहीस. ऐकायला मी होतो आणि तुझा वर्ग.

मी पुढे गेलो. आता माझ्या पायातल्या पट्टीने काही बिघडणार नव्हतं. सिंहासनासमोर उभा राहिलो, लेंगा सावरला आणि या वयात, या देहाने, गुडघे, छाती, कपाळ टेकवून साष्टांग आडवा झालो. पोरांचा आरडाओरडा थांबला. त्यांना पैज ठाऊक नव्हती. "काका?" सानिका म्हणाली. "काका, बरं वाटतंय ना?"

दगड उन्हाने तापला होता. माझं नाक जांभ्याच्या एका भोकात होतं. नाटकात लागतो तसा आवाज लावून मी म्हणालो, "मी चुकलो. तू बरोबर."

टाळी एकही पडली नाही.

पण वैजू, नियम दोघांना सारखा होता. दगडाच्या बाबतीत तू खरी ठरलीस. जागेच्या बाबतीत मी. चक्की तिथूनच ऐकू येत होती. म्हणजे एक नमस्कार तुझाही लागतो. म्हणून मी लगेच उठलो नाही. थोडासा उजवीकडे सरकलो, डाव्या बाजूला तुझ्यापुरती जागा केली, आणि तसाच पालथा पडून राहिलो.